वृद्ध आई-वडिलांची घरी शुश्रूषा: कामाची घडी कशी बसवावी

घरी आई किंवा वडील अंथरुणाला लागले की पहिल्या महिनाभरात जवळजवळ सगळीकडे त्याच तक्रारी ऐकू येतात. मदतनीस सकाळी आलीच नाही. आली ती नवीनच, तिला काही ठाऊक नाही. रक्तदाबाची गोळी दोनदा दिली गेली, किंवा दिलीच गेली नाही. दूरचा भाऊ फोनवरून सूचना देतो आणि जवळची बहीण रात्र रात्र जागते. या तक्रारी माणसांविषयीच्या वाटतात, काही वेळा असतातही. पण बहुतेक गोष्टी बिनसतात त्या माणूस बदलतो तेव्हा: दिवसपाळी संपून रात्रपाळी सुरू होताना, रुग्णालयातून घरी येताना, एका भावंडाकडून दुसऱ्याकडे जबाबदारी जाताना. एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचत नाही आणि तिचा त्रास अंथरुणावरच्या माणसाला होतो. पुढे सांगितलेलं बरंचसं काम या सांध्यांवरचं आहे.

आधी सात दिवस नुसती नोंद

मदतनीस शोधायला लागण्याआधी एक आठवडा वही ठेवा. दिवसभरात कोणत्या कामाला, किती वाजता, किती वेळ मदत लागली ते लिहायचं. पाहायच्या गोष्टी सहा: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण. ही यादी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या, रोजची कामं माणूस किती स्वतः करतो हे मोजणाऱ्या कॅट्झ निर्देशांकातली आहे आणि अजूनही कामाची आहे. प्रत्येक गोष्टीपुढे चारपैकी एक शेरा लिहा: स्वतः करतात, कोणी जवळ उभं राहावं लागतं, हात द्यावा लागतो, पूर्ण करून द्यावं लागतं.

शेरा मोघम नको. ‘आंघोळीला मदत लागते’ यावरून मदतनीसाला काहीच कळत नाही. ‘पाठ आणि पावलं धुवून द्यावी लागतात, स्टुलावरून उठताना उजव्या बाजूने आधार लागतो, बाकी स्वतः करतात’ यावरून सगळं कळतं. आणखी एक तोटा टळतो. जे स्वतः करता येतं ते घाईपोटी कोणी करून देऊ लागलं, तर ती क्षमता थोड्याच आठवड्यांत जाते. स्वतः बटणं लावायला दहा मिनिटं लागत असतील तर ती दहा मिनिटं कामाच्या वेळेत धरा.

फोन, स्वयंपाक, औषधं, पैशांचे व्यवहार, प्रवास ही दुसऱ्या प्रकारची कामं वेगळ्या पानावर लिहा. शरीर धडधाकट असतानाही ती आधी बिघडू लागतात. न भरलेली बिलं किंवा दोनदा विकत घेतलेली औषधं हे बहुधा पहिलं चिन्ह असतं.

सर्वांत महत्त्वाचा आकडा रात्रीचा. किती वेळा उठतात, दर वेळी हात द्यावा लागतो का. मदत किती तासांची घ्यायची हे मुख्यतः त्यावर ठरतं.

तासांचा हिशेब

आठवड्याचे तास १६८. बारा तासांच्या पाळ्या धरल्या तर १४ पाळ्या होतात. एका माणसाने आठवड्यात सहा पाळ्या केल्या तर दोघांच्या मिळून १२ झाल्या, दोन उघड्या राहिल्या. त्या दोन पाळ्या घरातलं कोणीतरी ‘सांभाळून घेतं’, आणि पहिल्या सुटीला किंवा आजारपणाला सगळं कोसळतं. म्हणून चोवीस तासांची मदत म्हणजे किमान तीन माणसं. आठ तासांच्या पाळ्या ठेवल्या तर त्या २१ होतात, त्यांना चार माणसं लागतात.

‘राहायला एक मदतनीस ठेवू, चोवीस तास घरात असेल’ हा बेत स्वस्त दिसतो आणि त्यातूनच सर्वाधिक भांडणं होतात. रात्री तीन वेळा उठणाऱ्या माणसाचं दिवसाही सगळं करायचं, हे कोणालाच आठवडाभर जमत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ती मदतनीस दुपारी डुलक्या घेते, घरच्यांना तो आळस वाटतो. रात्री एकदाच उठणं होत असेल तर राहणारी मदतनीस चालते, मात्र तिला दिवसा सलग विश्रांतीचे ठरलेले तास हवेत. दोन किंवा अधिक वेळा हात द्यावा लागत असेल तर जागी राहणारी वेगळी रात्रपाळीच घ्या. संपूर्ण रात्रपाळी आवाक्याबाहेर असेल, तर आठवड्यातून निदान दोन रात्री तरी घ्या म्हणजे घरच्या माणसाला सलग झोप मिळेल.

एजन्सीशी बोलताना

फोनवर ‘अनुभवी माणूस आहे’ एवढंच सांगितलं जातं. तुम्ही विचारायचं ते असं: ठरलेला माणूस आला नाही तर किती तासांत बदली येईल? पहिल्या महिन्यात माणूस बदलणार नाही याची हमी देता का? बदलला तर जुना माणूस नव्याबरोबर एक पाळी थांबेल का, आणि त्या पाळीचे पैसे कोण देईल? पूर्वीच्या कामाची खात्री कशी केली? तक्रार ऐकायला नेमकी एक व्यक्ती कोण? उत्तरं तोंडी राहू देऊ नका, करारात किंवा निदान संदेशात लिहून घ्या.

मदतनीस आणि प्रशिक्षित परिचारिका यांची कामं आधीच वेगळी करा. आंघोळ, कपडे, डायपर, भरवणं, चालवणं, कूस बदलणं ही मदतनीसाची. इंजेक्शन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, नाकातून घातलेल्या नळीचं काम परिचारिकेचं किंवा तिने शिकवून तपासलेल्या माणसाचं. कमी पैशांत मदतनीस घेऊन हळूहळू तिच्याकडून परिचारिकेचं काम करून घेणं फार घरांत होतं. चूक झाली की दोष तिच्यावर येतो, इजा मात्र आई-वडिलांना होते.

मुलाखतीपेक्षा एक गोष्ट करून दाखवायला सांगा: पलंगावरून खुर्चीत बसवणं. त्यात बहुतेक सगळं दिसतं. खुर्ची चांगल्या बाजूला, पलंगाशी थोडी तिरकी लावली का? चाकांचे ब्रेक लावले का? ‘आता उठायचं आहे’ असं आधी सांगितलं का? पाय लोंबते ठेवून एक-दोन मिनिटं बसू दिलं का? आडवं असलेलं माणूस एकदम उभं राहिलं की रक्तदाब घसरू शकतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवण्यासारखं असतं. मग दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, अंग पुढे झुकवून, कमरेच्या पट्ट्याला किंवा कमरेशी धरून उठवायचं. काखेत हात घालून उचलणारा माणूस दिसला तर तिथेच थांबवा. त्याने खांदा दुखावतो, आणि पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या बाजूचा खांदा सांध्यातून निसटूही शकतो. आई-वडिलांनी मदतनीसाच्या मानेला मिठी मारून उठणंही तितकंच वाईट, दोघंही पडतात.

आई-वडीलच ‘नको’ म्हणतात तेव्हा

‘मला परक्या माणसाची गरज नाही’ हे वाक्य ऐकून मुलं हताश होतात. त्या नकारात हट्टापेक्षा लाज आणि भीती जास्त असते. आयुष्यभर स्वतःचं अंग स्वतः धुतलेल्या माणसाला हे एका दिवसात पटावं अशी अपेक्षाच चुकीची आहे.

सुरुवात अंगाच्या कामापासून करू नका. पहिले आठ-दहा दिवस मदतनीसाने खोली आवरावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, बरोबर फिरायला जावं. चेहरा आणि आवाज सवयीचा झाला की मग कपडे, शेवटी आंघोळ. निवड त्यांच्या हातात राहू द्या: आंघोळ आधी की नाश्ता, निळा सदरा की पांढरा. ‘आंघोळ करायची का?’ असं विचारलं की ‘नाही’ येतंच. ‘पाणी तयार आहे, आधी पाय धुवू या’ याला होकार सोपा जातो.

स्मृतिभ्रंश असेल तर आंघोळीचा विरोध बहुतेक वेळा थंडीला, पाण्याच्या आवाजाला किंवा उघडं पडण्याला असतो. खोली आधी उबदार करा, पाणी, साबण, कपडे हाताशी ठेवा, अंगावर मोठा टॉवेल असू द्या आणि धुवायचा तेवढाच भाग उघडा. पायांपासून सुरू करून डोकं शेवटी. रोज पूर्ण आंघोळ झालीच पाहिजे असंही नाही. चेहरा, हात, काखा आणि जांघा रोज पुसल्या, तर आठवड्यातून दोन-तीन पूर्ण आंघोळी पुरतात. वृद्ध त्वचा कोरडी असते, जास्त साबणाने ती आणखी फाटते.

एक वही, एक पान, एक दिवस

घरात एकच नोंदवही असावी आणि ती पलंगाजवळच राहावी. मोबाइलवरचा गट भावंडांना ठीक आहे, पण रात्री दोन वाजता मदतनीसाला त्यात काही सापडत नाही.

रोजच्या पानावर वेळेसह लिहायचं: काय खाल्लं, तेही अर्धं ताट, पाव ताट असं, किती मिलिलिटर पाणी किंवा पातळ पदार्थ पोटात गेले, लघवी किती वेळा, रंग कसा, शौच झालं का, कसं, कोणतं औषध किती वाजता, देणाऱ्याची सही, कूस कधी बदलली, त्वचेवर काही नवं दिसलं का, झोप, बोलणं, ओळख कशी होती. ‘सगळं नॉर्मल’ असं लिहायला सरळ मनाई करा. ‘नॉर्मल’ या शब्दाखाली तीन दिवस शौच न झाल्याचं सहज दडतं.

आणि ते दडणं महागात पडतं. कडक मळ अडकून बसला की त्याच्या कडेने पातळ गळती सुरू होते. नव्या मदतनीसाला ते जुलाब वाटतात, जुलाब थांबवण्याची गोळी दिली जाते आणि अडथळा वाढतो. मागची चार पानं उलटली की खरं कारण दिसतं.

पाळी बदलताना दोघं पंधरा मिनिटं एकत्र असायला हवेत, आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे द्यायला हवेत. दारातल्या दारात ‘सगळं ठीक आहे’ म्हणणं म्हणजे पाळी सोपवणं नव्हे. दोघांनी पलंगापाशी उभं राहून माकडहाड आणि टाचा पाहायच्या, लघवीची पिशवी पाहायची, औषधांच्या डब्यातले कप्पे पाहायचे आणि आज काय वेगळं होतं ते एका वाक्यात सांगायचं. सुरुवातीचे आठ दिवस घरच्या कोणी तिथे हजर राहावं. एकदा सवय लागली की ती टिकते.

औषधं: सर्वाधिक चुका इथेच

एकच यादी, एकाच माणसाने सांभाळलेली. प्रत्येक औषधापुढे पाच गोष्टी: कंपनीने दिलेलं नाव, मूळ घटकाचं नाव, ताकद, वेळ, आणि कशासाठी. मूळ घटकाचं नाव लिहिणं कंटाळवाणं वाटतं, पण त्याशिवाय एकच औषध दोन नावांनी चालू असल्याचं लक्षात येत नाही. रुग्णालयाने एका नावाने लिहिलेलं आणि घरच्या डॉक्टरांनी आधीच दुसऱ्या नावाने दिलेलं, असं सर्रास होतं. पॅरासिटामॉलचंही तसंच: सांधेदुखीच्या गोळीत ते असतं आणि सर्दीच्या गोळीतही.

रुग्णालयातून घरी आल्याच्या दिवशी इतर कामं बाजूला ठेवून एक काम करा. जुनी यादी आणि डिस्चार्जचा कागद शेजारी ठेवून प्रत्येक औषधाला खूण करा: चालू, बंद, मात्रा बदलली, नवीन. ज्या जुन्या औषधाचा नव्या कागदावर उल्लेखच नाही, ते बंद केलंय की लिहायचं राहिलंय, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. अंदाज करू नका. बंद झालेल्या गोळ्या त्याच दिवशी घरातून काढा, नाहीतर दहा दिवसांनी कोणीतरी त्या डब्यात पुन्हा भरतं.

डबा सात दिवसांचा, दिवसाला चार कप्प्यांचा. आठवड्यातून एकदा एकाने भरायचा आणि दुसऱ्याने यादीशी ताडून पाहायचा. मदतनीसाने फक्त कप्प्यातून द्यायचं, पाकिटांतून नाही. डबा भरल्यावर पाकिटं कपाटात कुलपात.

गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून देण्याआधी फार्मसिस्टला विचारा. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर अशी अक्षरं असलेल्या गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी केलेल्या असतात. कुटल्या की दिवसभराची मात्रा एकदम शरीरात जाते. आतड्यात जाऊन विरघळण्यासाठी लेप दिलेल्या गोळ्यांचंही तेच, तो लेप मोडायचा नसतो. बऱ्याच औषधांचं पातळ रूप मिळतं, ते मागून घ्या.

थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी, खाण्याआधी निदान अर्धा तास. कॅल्शियम किंवा लोह तिच्यापासून चार तास दूर. सकाळच्या कप्प्यात सगळं एकत्र भरलं की हे पाळलं जात नाही, म्हणून तिला वेगळा कप्पा द्या. झोपेसाठी किंवा सर्दीसाठी दुकानातून आणलेली जुन्या पिढीची ॲलर्जीची औषधं, डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन यांसारखी, वृद्धांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यांनी गोंधळ वाढतो, लघवी अडते, बद्धकोष्ठता होते.

मधुमेहात जेवणाआधीचं जलद इन्सुलिन असेल तर ताट समोर आल्यावरच टोचायचं. आधी टोचून जेवायला नकार मिळाला तर साखर झपाट्याने उतरते. एखाद्याच्या खाण्याचा भरवसा नसेल तर इन्सुलिनची वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारा. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण चार लहान चमचे, पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. वृद्धांमध्ये घाम, थरथर ही चिन्हं नसतानाही साखर उतरलेली असू शकते, नुसतं गुंगीत किंवा चिडचिडे दिसतात.

कूस, गादी आणि टाचा

बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणारी जखम, थोड्या तासांत सुरू होतो आणि भरायला महिने घेतो. कूस बदलण्याचा नेहमीचा पाया दर दोन तासांचा. पलंगासमोर भिंतीवर घड्याळाचं चित्र लावा: आठला डावी, दहाला पाठ, बाराला उजवी. कुशीवर वळवताना अगदी सरळ आडवं ९० अंशांत नको, तसं केलं की खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंशांचा कल पुरतो. पोटऱ्यांखाली उशी ठेवा, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. वर सरकवताना ओढू नका. अंगाखाली घातलेल्या चादरीला दोघांनी दोन बाजूंनी धरून उचला, ओढताना त्वचा सोलवटते.

लाली दिसली की बोटाने काही क्षण दाबून सोडा. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिली तर ती पहिली पायरी आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे ऊब, कडकपणा, दुखणं, आजूबाजूपेक्षा वेगळा रंग पाहायचा. त्या जागेला चोळू नका, मालिश नको. मधे भोक असलेली गोल उशीही नको, तिच्या कडा सभोवतालचा रक्तपुरवठा दाबतात.

हवेच्या गादीवर भरवसा ठेवून कूस बदलणं थांबवलं जातं, ही नेहमीची चूक. गादी मदत करते, कूस बदलण्याची जागा घेत नाही. तिच्यावर रबरी चादर, दुहेरी चादर, घडी केलेली घोंगडी असे थर घातले की तिचा उपयोगच उरत नाही. नितंबांखाली, गादीच्या तळाशी हात सरकवून पाहा. अंग आणि तळ यांत निदान अडीच सेंटिमीटर जाडी लागली पाहिजे. न लागल्यास हवा कमी आहे किंवा पंपाची पिन निघाली आहे.

डायपर दर दोन-तीन तासांनी पाहायचा, ओला असला की लगेच बदलायचा, पुढून मागे पुसायचं, पूर्ण कोरडं करून झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यायचा. एकावर एक दोन डायपर घालण्याने उष्णता वाढते, फायदा काही नाही. कॅथेटरची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीत, पण जमिनीला न टेकता. नळीला पीळ नको. दोन-तृतीयांश भरण्याआधी रिकामी करायची.

भरवणं

घाईने भरवलेला घास श्वासनलिकेत जातो आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होऊन समोर येतो. पूर्ण ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. उभं राहून भरवलं की त्यांना मान वर करावी लागते, म्हणून भरवणाऱ्याने समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीत बसायचं. लहान चमचा, आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा. आवाज ओलसर, घरघरता झाला किंवा खोकला सुरू झाला तर थांबा. जेवणानंतर गालांत काही उरलं का पाहा आणि अर्धा तास ताठच बसू द्या. पलंगाचं डोकं जास्त वेळ ३० अंशांच्या वर ठेवलं की अंग खाली घसरून माकडहाडाची त्वचा ताणली जाते, म्हणून अर्ध्या तासानंतर आठवणीने खाली करा. हे आठवणीने वहीत लिहा, कारण भरवणारा एक आणि खाली करणारा दुसरा असतो.

बऱ्याच जणांना घट्ट घासापेक्षा साधं पाणी गिळणं अवघड जातं. किती दाट द्यायचं हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने ठरवावं. तोंड दिवसातून दोनदा स्वच्छ करा, दात नसले तरीही. फुप्फुसात जाते ती घाण बहुधा तोंडातलीच असते.

अचानक बदल म्हणजे वय नव्हे

कालपर्यंत ओळखत होते, आज भलतंच बोलतात, किंवा नेहमी बोलके असलेले दिवसभर पडून आहेत. यावर ‘वयच झालं आता’ असं म्हणून गप्प बसणं ही घरच्या शुश्रूषेतली सर्वांत घातक चूक. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला, कमी-जास्त होणारा गोंधळ याला डेलिरियम म्हणतात. त्यामागे मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, अडलेली लघवी, बद्धकोष्ठता, वेदना किंवा नवीन औषध असतं. स्मृतिभ्रंश महिन्यांनी, वर्षांनी वाढतो, हा तासांत येतो. गप्प, झोपाळू प्रकार तर हमखास सुटतो, कारण तो कोणाला त्रास देत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि वही बरोबर न्या.

तापाचंही तसंच. वृद्धांचं नेहमीचं तापमान कमी असतं, संसर्ग असूनही ते फार चढत नाही. बरं असताना आठवडाभर मोजून त्यांचं नेहमीचं तापमान वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अशक्त वृद्धांत तोंडातलं ३७.८ अंश सेल्सिअस हाही तापच धरतात. हृदय कमजोर असेल तर रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. एका दिवसात किलोभराहून अधिक किंवा आठवड्यात दोन किलोंहून अधिक वाढलं तर ते अंगात साचलेलं पाणी असू शकतं, डॉक्टरांना कळवायचं.

पडले तर लगेच उचलू नका. शुद्ध, वेदना, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, ते आधी पाहा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल, तर ठीक दिसत असले तरी रुग्णालयात न्या.

भावंडं आणि पैसे

वैद्यकीय निर्णय एकाकडे, हिशेब एकाकडे. डॉक्टरांशी दोन भावंडं वेगवेगळी बोलली की दोन वेगळ्या सूचना घरात येतात आणि मदतनीस मधे अडकते. दूरच्या भावंडाला ‘जमेल तशी मदत कर’ असं सांगू नका, नेमकं काम द्या: औषधं मागवणं, बिलं भरणं, एजन्सीशी बोलणं, वर्षातून ठरलेले दोन आठवडे घरी येऊन राहणं. ही सगळी कामं दुरून किंवा नियोजन करून होतात. आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा फोन, वही समोर ठेवून.

रोजच्या खर्चाची रक्कम छोट्या डब्यात, पावत्या त्यातच, आठवड्याला जुळवणी. दागिने आणि कागदपत्रं आधीच हलवा. तसं केलं की कोणावर संशय घ्यायची वेळच येत नाही, आणि मदतनीसाच्या दृष्टीनेही तेच सन्मानाचं. मुखत्यारपत्र, बँकेच्या सह्या हे काम आई-वडिलांची समज शाबूत असतानाच वकिलाकडून करून घ्या. समज गेल्यावर अनेक ठिकाणी न्यायालयातून अधिकार मिळवावे लागतात.

मदतनीसाशी खटका

एका वेळी एकच गोष्ट, त्याच दिवशी, आई-वडिलांसमोर नाही. ‘तुम्ही नीट लक्ष देत नाही’ याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. ‘काल दहा आणि बारा वाजता कूस बदलल्याची नोंद नाही, काय झालं?’ याचं उत्तर देता येतं, आणि पुष्कळदा ते खरं कारण असतं: एकटीला वळवता येत नव्हतं, सांगायची भीती वाटली. मग करून दाखवा, तिच्याकडून करून घ्या.

काही गोष्टींना मात्र दुसरी संधी नाही. हात उगारणं, पलंगाला बांधणं, स्वतःच्या मनाने झोपेची गोळी देणं, पडल्याचं लपवणं. दंडावर बोटांचे वळ, कारण न सांगता येणारे काळे-निळे डाग, एका ठराविक पाळीआधी आई-वडिलांचं घाबरणं किंवा गप्प होणं दिसलं तर त्याच दिवशी त्या माणसाला थांबवा, डागांचे तारखेसह फोटो घ्या, डॉक्टरांना दाखवा आणि पोलिसांत किंवा संबंधित यंत्रणेकडे तक्रार करा.

माणूस आला नाही त्या सकाळसाठी

हे पान आजच लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांनी मदतनीसाला फोन, ३० मिनिटांनी एजन्सीच्या ठरलेल्या माणसाला, तासाभरात बदली नाही तर यादीतल्या घरच्या किंवा शेजारच्या दोघांपैकी एकाला. त्या दोघांना आधी एकेकदा घरी बोलावून कूस बदलणं आणि खुर्चीत बसवणं करून दाखवलेलं असावं. आधीच्या पाळीची मदतनीस बदली येईपर्यंत थांबली तर तिला किती जादा द्यायचे, तेही आधी ठरलेलं असावं. ते न ठरवल्यामुळेच ती ठरल्या वेळी निघून जाते.

त्याच पानावर खाली मोठ्या अक्षरांत: आजार, ॲलर्जी, रक्त पातळ करणारं औषध आहे की नाही, शेवटचं इन्सुलिन कुठे नोंदलेलं असतं, कसं गिळतात, ऐकू येतं का, चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र कुठे ठेवलेलं असतं, डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता. पत्ता घरच्यांना पाठ असतो, पण फोन करणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच आलेला असू शकतो.